बॅटचे वजन कुठून काढायचे?

क्रिकेटच्या कायद्यांचे पुस्तक बॅटच्या बाबतीत भलतेच काटेकोर आहे. लांबी ९६.५२ सेंटीमीटरच्या आत, रुंदी १०.८ सेंटीमीटरच्या आत. ऑक्टोबर २०१७ पासून आणखी दोन कुंपणे आली : कडेची जाडी ४ सेंटीमीटर आणि पाठीच्या कण्यापाशी ६.७ सेंटीमीटर, यापुढे जायचे नाही. हँडल एकूण लांबीच्या ५२ टक्क्यांहून मोठे नको. ब्लेड लाकडाचेच हवे. मोजमापासाठी पंचांजवळ साचाही असतो, त्यातून बॅट सरकली नाही तर ती बाद. एवढे सगळे लिहून झाल्यावर वजनाबद्दल मात्र या पुस्तकात अवाक्षर नाही. तुम्ही चार किलोची बॅट घेऊन उतरलात तरी पंच हरकत घेऊ शकत नाही.

यातले जवळपास प्रत्येक बंधन कोणीतरी आगाऊपणा केल्यावर आले आहे. १७७१ साली इंग्लंडमध्ये चर्ट्सी विरुद्ध हॅम्बल्डन सामन्यात थॉमस व्हाइट नावाचा गडी स्टंपांच्या रुंदीएवढी बॅट घेऊन आला, आणि सव्वाचार इंचांची मर्यादा घालावी लागली. लांबीचा नियम १८३५ चा. जाडीचा नियम आपल्या डोळ्यांदेखत आला, कारण बॅटच्या कडा इतक्या फुगल्या की कड लागलेला चेंडूही सीमेपार जाऊ लागला. वजनाबाबत कायदा करायची वेळ आली नाही, कारण जड बॅटची शिक्षा समोरच्या गोलंदाजाला होत नाही. ती फलंदाजाच्या मनगटाला, कोपराला आणि उशिरा खाली येणाऱ्या बॅटमुळे त्याच्या मधल्या स्टंपाला होते.

म्हणून हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा असतो. मैदानावर तो रोज कोणी ना कोणी विचारतो. हौसेने घेतलेली बॅट दुकानात बरी वाटली होती, नेटमध्ये दहा षटके खेळल्यावर हातात धोंडा धरल्यासारखी वाटते. तिचे पन्नाससाठ ग्रॅम कमी करता येतील का? आणि केले तर तिचा ‘स्ट्रोक’, म्हणजे फटक्यातला जोर, जाईल का? कारागिराला विचारले तर तो म्हणतो, ‘पाठ तासून देतो, काही होत नाही.’ संघातला जाणता म्हणतो, ‘हात लावू नकोस, बॅट मरेल.’ दोघेही थोडेथोडे बरोबर आहेत. लाकूड किती काढले यापेक्षा कुठून काढले यावर सगळे अवलंबून आहे, आणि ते हिशेब मांडून पाहता येते.

आधी वजनांचा अंदाज घेऊ. बॅटच्या धंद्यात अजून पौंड-औंसच चालतात. एक औंस म्हणजे २८ ग्रॅमांहून थोडे जास्त. आज दुकानात मिळणारी पूर्ण मापाची बॅट साधारण अडीच पौंड ते पावणेतीन पौंड, म्हणजे ११३० ते १२५० ग्रॅमची असते. डॉन ब्रॅडमनची बॅट सव्वादोन पौंडांच्या आतबाहेर होती, म्हणजे जेमतेम किलोभर. त्याच काळात बिल पॉन्सफर्डच्या बॅटला लोक ‘बिग बर्था’ म्हणत, पहिल्या महायुद्धातल्या जर्मन तोफेवरून. ही तोफ अडीच पौंडांहून थोडीच जास्त भरे. आज तेवढ्या वजनाची बॅट महाविद्यालयातला सलामीवीर सहज वापरतो. मग क्लाइव्ह लॉइड आला, आणि हँडलवर एकावर एक ग्रिप चढवलेली त्याची जड बॅट हातोड्यासारखी चालली. आपल्याकडे जड बॅट म्हटली की नाव एकच. सचिन तेंडुलकरची बॅट तीन पौंडांच्या वर असे.

त्या बॅटच्या वजनाएवढीच तिच्या घडणीची कीर्ती होती. १९९६ मध्ये तिची एक प्रत सियालकोटच्या कारागिरांकडून बनवून घ्यावी म्हणून सचिनने आपली बॅट वकार युनूसकडे दिली होती. सियालकोटला पोहोचण्याआधी ती नैरोबीत पोहोचली. ४ ऑक्टोबरला श्रीलंकेविरुद्ध वकारने ती शाहीद आफ्रिदी नावाच्या पोराच्या हातात दिली, आणि त्याने ३७ चेंडूंत शतक ठोकले. आफ्रिदीने हा किस्सा आत्मचरित्रात सांगितला आहे. मला जास्त रस यात वाटतो की, जी बॅट एका मनगटाला बेतून घडवली होती ती दुसऱ्या, सर्वस्वी वेगळ्या फलंदाजाच्या हातातही तितकीच चालली. ‘इतकी जड बॅट पेलते कशी?’ या प्रश्नाचे उत्तर निव्वळ दंडाच्या ताकदीत नाही, याची ही पहिली खूण.

२००४ मध्ये सचिनच्या कोपराने दगा दिला. टेनिस एल्बो, मग २००५ मध्ये शस्त्रक्रिया. हलकी बॅट वापर, असे सांगणारे तेव्हा पुष्कळ होते. त्याने प्रयत्न करून पाहिला, पण बॅट खाली येण्याची आपली सगळी लयच त्या वजनावर बेतलेली असल्यामुळे जमले नाही, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. हे हट्टाचे वाटेल. थोडे पुढे गेल्यावर ते तसे वाटणार नाही.

तराजू सांगतो ते वजन आणि हाताला कळते ते वजन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे दुकानदाराला चांगलेच ठाऊक असते, म्हणून तो काट्यावरचा आकडा सांगत बसत नाही. बॅट हातात देतो आणि म्हणतो, ‘पिकअप बघा.’ धोबीतलावच्या खेळाच्या दुकानांत कुठेही उभे राहा, गिऱ्हाईक बॅट घेऊन आरशासमोर हवेत दोन ड्राइव्ह मारून पाहत असतेच. ते जे जोखत असते त्याला पदार्थविज्ञानात मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणतात. आपण त्याला फिरवण्यातला जडपणा म्हणू. गणित साधे आहे : लाकडाच्या प्रत्येक कणाचे वजन, गुणिले हातापासूनच्या त्याच्या अंतराचा वर्ग. अंतर तिप्पट झाले की जडपणा नऊपट. मुठीपासून बॅटचे खांदे वीत-सव्वा वीत अंतरावर असतात आणि टोक, म्हणजे टो, जवळपास सत्तर सेंटीमीटरवर. खांद्यावरचे तीस ग्रॅम आणि टोवरचे तीस ग्रॅम काट्याला सारखेच, मनगटाला मात्र त्यांत नऊदहा पटींचा फरक.

हा जडपणा घरी मोजता येतो. दोन्ही हातांच्या मुठी जिथे मिळतात तिथे हँडल दोऱ्याच्या फासात अडकवून बॅट लंबकासारखी टांगायची, हलकेच झोका द्यायचा आणि वीस हेलकाव्यांचा वेळ मोबाइलवर घ्यायचा. साधारण अर्धे मिनिट लागते. वजन, तोल जिथे साधतो त्या बिंदूचे अंतर आणि हा वेळ, एवढ्यावरून हिशेब निघतो. दोन बॅटी काट्यावर सारख्या भरल्या तरी इथे फरक दिसतो, आणि गिऱ्हाइकाने आरशासमोर जिला ‘हलकी’ म्हटले तिचाच आकडा बहुधा कमी येतो.

अमेरिकेत सॉफ्टबॉलच्या खेळाडूंवर लॉइड स्मिथ, जेफ ब्रोकर आणि अ‍ॅलन नेथन यांनी नेमका हाच प्रयोग केला होता. काही बॅटींचे वजन सारखे पण फिरवण्यातला जडपणा वेगवेगळा, काहींचा जडपणा सारखा पण वजन वेगवेगळे. खेळाडूंच्या फटक्याचा वेग जडपणाबरोबर बदलला. नुसत्या वजनाने त्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. काट्यावरच्या आकड्याला आपण देतो ते महत्त्व इथेच बरेचसे गळून पडते.

आता चेंडूकडून पाहू. चेंडू आणि बॅट एकमेकांना भेटतात ती वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढी. एवढ्या वेळात धक्क्याची बातमी हातापर्यंत जाऊन परत यायला सवड नसते, त्यामुळे त्या क्षणी मुठीची पकड घट्ट की सैल याने चेंडूच्या वेगात फारसा फरक पडत नाही. बॅट जणू मोकळी हवेत असते. ती सगळ्या वजनानिशी चेंडूला भिडतही नाही. टोपासून पंधरासोळा सेंटीमीटरवर, जिथे आपण ‘मिडल’ म्हणतो तिथे चेंडू लागला, तर १२०० ग्रॅमची बॅट साधारण ८०० ग्रॅमच्या गोळ्यासारखी वागते. याला बॅटचे कामाचे वजन म्हणू. समजा, मिडलवर लागलेला चेंडू निम्म्या जोराने उसळतो, तो ताशी १०८ किलोमीटरने येतो आहे आणि बॅटचा तो भाग ७२ ने. सरळ गणिताने चेंडू ११७ च्या वेगाने परत जातो. कामाचे वजन ५० ग्रॅमने घटले तर तो ११४.५ च्या वेगाने जाईल. अडीच किलोमीटरचा हा तोटा भरून काढायला बॅट ७२ ऐवजी ७४ ने फिरवावी लागते. तोटा आहे, पण संघातला जाणता म्हणतो तशी बॅट काही मरत नाही.

खरा प्रश्न यापुढचा. काट्यावरचे तीस ग्रॅम काढले तर कामाचे वजन किती घटते? एक सर्वसाधारण बॅट डोळ्यांसमोर धरून मी हा हिशेब केला. १२०० ग्रॅम वजन, मुठीपासून चाळीस सेंटीमीटरवर तोल. आकडे ढोबळ आहेत, बॅटीबॅटीला थोडे बदलतील, पण त्यांचा कल बदलणार नाही. तीस ग्रॅम खांद्यांवरून काढले तर कामाचे वजन दोनतीन ग्रॅमने घटते. जवळजवळ फुकट. पाठीच्या मध्यावरून काढले तर सुमारे वीस ग्रॅमने. आणि टोवरून काढले तर पन्नासच्या आसपास! म्हणजे काढले तीस आणि गेले पन्नास. आता याच तीस ग्रॅमनी हाताला किती हलके वाटेल ते पाहा : खांद्यांवरून काढले तर फिरवण्यातला जडपणा अर्धा टक्का कमी होतो, मध्यावरून काढले तर अडीच टक्क्यांच्या आत, टोवरून काढले तर साडेपाच टक्के.

सगळी मेख इथे आहे. जे लाकूड हाताला जड वाटते तेच चेंडूला धक्का देत असते. जिथून काढलेले चालते तिथून काढून हाताला फारसे समजत नाही, आणि जिथून काढलेले हाताला समजते तिथून काढले की फटका दुबळा होतो. टो तासून बॅट पाचसाडेपाच टक्क्यांनी चपळ झाली तरी माणसाच्या फटक्याचा वेग त्याच प्रमाणात वाढत नाही. सॉफ्टबॉलच्या अनुभवावरून धरायचे तर एकदीड टक्का वाढेल. तेवढ्याने तोटा पुरता भरत नाही. ताशी एखाद्या किलोमीटरची तूट उरतेच. मात्र चेंडू मिडलवर येण्याची शक्यता वाढते, उशिरा ठरवलेला फटका वेळेवर पोहोचतो, आणि कडेला लागून झेल जाण्यापेक्षा किलोमीटरभर कमी वेगाने सीमेकडे गेलेला चेंडू केव्हाही बरा. हा सौदा ज्याचा त्याने करावा. फक्त ‘हलकी केली म्हणून जास्त लांब जाईल’ हे कारण देऊ नये.

आणि सचिन? त्याची पकड हँडलच्या अगदी खालच्या टोकाला असे. लहानपणी तो थोरल्या भावाची, अजितची, पूर्ण मापाची बॅट घेऊन खेळायचा, ती पेलायला खाली धरावी लागे, ती सवय राहिली. आता वरच्याच हिशेबात मूठ पाच सेंटीमीटर खाली सरकवून पाहा. लाकूड ग्रॅमभरही न काढता बॅटचा फिरवण्यातला जडपणा सुमारे अठरा टक्क्यांनी उतरतो. तीन पौंड दोन औंसांची, म्हणजे १४१७ ग्रॅमची बॅट अशी खाली धरली, तर ती वर धरलेल्या १२०० ग्रॅमच्या बॅटएवढीच फिरवायला जड पडते. चेंडूला मात्र जास्तीच्या वजनाचा धक्का बसतोच. फुकट काहीच नाही, खाली धरल्याने फटक्याचा घेर आखूड होतो. पण ज्याचा मुक्काम ‘पंच’ फटक्यावर आणि जागेवरून मारलेल्या ड्राइव्हवर आहे त्याला लांब घेराची फारशी गरजही नसते. त्या बॅटचे वजन, ती पकड आणि तो फटका ही तिन्ही एकमेकांत अडकलेली होती. शंभर-दीडशे ग्रॅम कमी करा म्हणणे सोपे होते, पण त्याने बाकीच्या दोन गोष्टीही हलल्या असत्या.

बॅट हलकी करायचे सगळ्यांत चांगले ठिकाण कारागिराचे बाकडे नव्हेच. ते काम झाड उभे असतानाच बरेचसे ठरलेले असते. चांगली बॅट ज्या विलोपासून होते त्याची लागवड मुख्यतः इंग्लंडमध्ये, त्यातही एसेक्स आणि आसपासच्या ओलसर, नदीकाठच्या जमिनीत होते. एसेक्समधल्या ग्रेट लीज गावची जे. एस. राइट ही पेढी १८९४ पासून या लाकडाचा व्यापार करते आहे. पंधरावीस वर्षांत झाड तोडणीला येते. ओंडके करवतीने कापण्याऐवजी रेषेत फोडले जातात, म्हणजे तंतू अखंड राहतात. या फाळक्यांना ‘क्लेफ्ट’ म्हणतात. मेरठचे कारखाने हीच क्लेफ्ट मागवतात. एकाच झाडाच्या दोन फाळक्यांचे वजनही वेगळे असते. जाणकार कारागीर हातात घेऊनच सांगतो की या क्लेफ्टमधून जाड कडांची तरीही हलकी बॅट निघेल, आणि यातून निघणार नाही. काश्मिरी विलो साधारणपणे जास्त दाट, म्हणून त्याच आकाराची बॅट जड भरते. तिला हलकी करायची तर आकारच मारावा लागतो. गिऱ्हाईक मात्र दुकानात ब्लेडवरच्या सरळ रेषा मोजत बसते आणि जास्त पैसे त्या देखणेपणाचे देते.

झाडानंतर पाणी. कापलेल्या विलोत पाणी भरपूर असते. ते वाळवून दहाबारा टक्क्यांपर्यंत आणतात. ब्लेडचे वजन नऊशे ग्रॅम धरले आणि ओल बाराऐवजी नऊ टक्के केली, तर चोवीसएक ग्रॅम, म्हणजे जवळपास एक औंस, रंध्याला हात न लावता उतरतो. गेल्या वीसपंचवीस वर्षांत बॅटी इतक्या जाड झाल्या तरी त्या मानाने जड झाल्या नाहीत, यामागचे एक गुपित हे. हलके फाळके निवडायचे, जास्त वाळवायचे, आणि वाचलेल्या वजनातून कडा फुगवायच्या. डेव्हिड वॉर्नरची ‘कबूम’ अशीच. २०१७ चा नियम आल्यावर ती साच्यात बसेना. अशा कोरड्या बॅटचा आवाज सुरेख येतो, चेंडू भन्नाट जातो, आणि दोनचार डावांत ती यॉर्करवर तडकते. ज्याला कंपनी महिन्याला नवी बॅट देते त्याला हे परवडते. पदरचे पैसे घालून पाच वर्षे एकच बॅट वापरणाऱ्याने दुकानदार ‘जंबो साइज, लाइट वेट’ म्हणाला की सावध व्हावे.

पाण्याचा हिशेब उलटाही चालतो. मुंबईत कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाते. अशा हवेत विलो ओल ओढून घेते. तीन टक्के ओल वाढली तर वर सांगितलेला औंस बिनबोभाट परत येतो, आणि तोही टोच्या बाजूला जास्त, कारण खालचे उघडे लाकूड ओल्या गवतावर टेकलेले असते. म्हणून पावसाळ्यात ‘बॅट जड लागायला लागली’ म्हणणाऱ्याला वेड्यात काढू नये. त्याने बॅट तासायलाही नेऊ नये. ती कोरड्या जागी, उन्हात नव्हे, काही आठवडे ठेवावी. तेलाचेही तसेच. बॅटला तेल पाजायची आपल्याकडे फार हौस. जवसाचे कच्चे तेल पातळ हाताने दोनतीनदा पुरे. ज्यांनी बॅट तेलात बुडवून ठेवायची युक्ती केली आहे त्यांच्या हाती शेवटी जड, मऊ आणि आवाज मेलेले लाकूड उरले आहे.

एवढे करूनही बॅट जडच असेल तर बाकड्यापर्यंत जावे. चांगला कारागीर लाकडाला हात लावण्याआधी बॅट सोलतो. ग्रिप उतरवतो. साधी रबरी ग्रिप पन्नास ग्रॅमच्या आसपास असते, पातळ घेतली तर दहापंधरा वाचतात. काही जण दोन चढवतात. त्याने तोल वर सरकतो आणि बॅट उचलताना हलकी भासते. फिरवताना ती मुळीच हलकी झालेली नसते, पण भासालाही या खेळात किंमत आहे. मग तो समोरची पारदर्शक शीट काढतो. वीसतीस ग्रॅम तिचे, आणि ती ब्लेडभर पसरलेली असल्यामुळे त्यातले बरेच मुठीपासून दूरचे. म्हणजे शीट काढली की ग्रिप बदलण्यापेक्षा हाताला जास्त फरक कळतो. पण शीट ही बॅटची कातडी असते, ती गेली की तडे लवकर जातात. टोखालचा रबरी तुकडा तर मी कधीच काढू देणार नाही. तो फार तर काही ग्रॅमचा, आणि ओल खेचण्यापासून टोला तोच वाचवतो.

मग बॅट शिकंज्यात पाठ वर करून आवळली जाते. पेन्सिलीने तो कण्याच्या दोन्ही बाजूंना रेघा ओढतो : कण्याला हात लावायचा नाही, कडांना लावायचा नाही, त्यांच्या मधल्या उतारात खोलगट भाग करायचा. सुरुवात खांद्यांपासून. दोन्ही मुठींनी ओढायच्या सुऱ्याने तो खांदे उतरवतो, विलोच्या पांढऱ्या, मऊ साली वळत खाली पडतात. मग अर्धगोल कानस, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक. दर काही हातांनंतर बॅट काट्यावर चढते, उतरते. शेवटी तो ती आपल्याच एका हाताने उचलून मनगटातून फिरवून पाहतो, आणि तिथे थांबतो. काट्याने सांगितलेल्या जागी नव्हे.

कण्याला आणि कडांना हात न लावण्यामागे कारणे आहेत. लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी दहा टक्के कमी केली की ताठपणा सत्तावीस टक्क्यांनी उतरतो. कणा गेला की मिडलबाहेर लागलेल्या प्रत्येक चेंडूवर बॅट थरथरते, आणि चेंडूला द्यायचा जोर या थरथरीत हरवतो. हाताला झिणझिण्या येतात त्या याच. कडांचे काम निराळे. चेंडू मिडलच्या डावी-उजवीकडे लागला की बॅट मुठीत पिळवटते, आणि कडांशी जितके वजन तितकी ती कमी पिळवटते.

हीच कल्पना टोकाला नेली की काय होते ते १९७४ मध्ये ग्रे-निकल्स या बॅट कंपनीने दाखवले. त्यांनी बॅटच्या पाठीचा मधला भागच कोरून काढला, वजन कडांकडे ठेवले. ही ‘स्कूप’. लोक हसले, मग रांगा लावून घेऊ लागले. वीस वर्षांनी ब्रायन लाराने एजबॅस्टनवर नाबाद ५०१ धावा काढल्या त्या स्कूपच्याच वंशातल्या बॅटने. न्यूबेरीच्या ‘एक्स्कॅलिबर’ने दुसरे टोक धरले : खांदेच उडवले. ते लाकूड जवळजवळ फुकटचे असते हे आपण वर पाहिले. १९८३ मध्ये मेलबर्नला न्यूझीलंडच्या लान्स केर्न्सने हीच बॅट हाती घेऊन २५ चेंडूंत ५२ धावा केल्या, सहा षटकारांसह. त्यातला डेनिस लिलीला मारलेला एक तर एका हाताने होता. ‘मंगूस’ने ब्लेडच आखूड करून हँडल लांबवले. मॅथ्यू हेडनने २०१० च्या आयपीएलमध्ये तिने दिल्लीविरुद्ध ४३ चेंडूंत ९३ केल्या, पण आखूड ब्लेडने उसळता चेंडू खाली दाबायचा कसा, याचे उत्तर तिच्याकडे नव्हते. ती गेली. खांदे आणि पाठ यांच्याशी केलेली तडजोड टिकली.

लाकूड सोडून दुसरे काही वापरायचे प्रयत्न कायद्याने हाणून पाडले. डेनिस लिलीची अ‍ॅल्युमिनियमची बॅट १९७९ मध्ये पर्थला इंग्लंडच्या माइक ब्रिअर्लीने चेंडू खराब होतो म्हणून हरकत घेतल्यावर मैदानाबाहेर गेली, आणि पुढच्याच वर्षी ‘ब्लेड लाकडाचेच’ हे कलम आले. रिकी पाँटिंगच्या बॅटवरच्या ग्रॅफाइटच्या पट्टीलाही तेच भोगावे लागले. २०२१ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी बांबूच्या पट्ट्यांची बॅट केली. ती विलोपेक्षा ताठ, म्हणून कमी जाडीतही चालेल अशी आशा होती. पण बांबू पडला गवत, आणि कायदा म्हणतो लाकूड.

आपल्याकडच्या मैदानांवर मात्र एक प्रयोगशाळा राजरोस चालू आहे आणि तिच्याकडे या वादात कोणी पाहत नाही. रायगड, ठाणे, रत्नागिरीत रात्रीच्या दिव्यांखाली चालणाऱ्या टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा. तिथल्या बॅटी पाहा : जाड कडा, पाठीला खोल कोरलेला स्कूप, वजनाला हलक्या. लेदरच्या क्रिकेटमध्ये एवढे लाकूड काढलेली बॅट कोणी धरणार नाही, तिथे ती षटकार मारते. कारण चेंडू बदलला आहे. लेदरचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, साधा टेनिसचा साठाच्या आत. कामाचे वजन पन्नास ग्रॅमने घटल्यावर लेदरच्या चेंडूला ताशी अडीच किलोमीटरचा फटका बसत होता. बाकी सारे तेच धरले तर टेनिसच्या चेंडूला तो निम्म्याहून कमी बसतो. वजनदार टेनिस चेंडू आला की तोटा मधे कुठेतरी. जितका चेंडू हलका तितके लाकूड काढायला मोकळीक जास्त, आणि तितका बॅट भन्नाट फिरवण्याचा फायदा मोठा. काश्मिरी विलोची घनता जिथे लेदरसाठी अडचण, तिथे स्कूप कोरून ती अडचण बाजूला सारता येते. या बॅटी बनवणाऱ्यांनी हे कुठल्या सूत्रावरून काढलेले नाही. मारून, मोडून, पुन्हा कोरून ते तिथे आले आहेत.

अडचण होते ती याच बॅटने पोरगा लेदरच्या नेटमध्ये गेला की. आणि त्याहून मोठी अडचण, बारा वर्षांच्या पोराला ‘दोनतीन वर्षे चालेल’ म्हणून पूर्ण मापाची बॅट घेऊन देणाऱ्या पालकांची. मग ती कारागिराकडे येते, आणि तो टो छाटून, खांदे उतरवून तिला लहान करू पाहतो. तीस ग्रॅम काढून काही होत नाही. त्या पोराला मुळात सहा नंबरची बॅट हवी असते, जिची लांबीच कमी असते, आणि अंतराचा वर्ग तिथे आपले काम आपोआप करतो. त्याच किमतीत ती मिळते, उलट स्वस्तच.